कानबाईच्या नावाचं कुलूप

लोटन पाटकऱ्याची पोर सुलक्षणा हिनं आयुष्यात एकही फटका उधार ठेवलेला नव्हता. शाळेत मास्तरांनी छडी मारली, तर तिनं ती हिसकावून गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे त्यांच्याच टेबलावर ठेवले. लग्नानंतर नवऱ्यानं पहिल्यांदा हात उगारला तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं त्याच्या कोपरावर असं हाणलं की जावईबापू कितीतरी दिवस डाव्या हातानं जेवले. संसार तिथंच आटोपला. ती बॅग घेऊन माहेरी आली तर बापानं कारणसुद्धा विचारलं नाही. "बरं कयं," एवढंच म्हणाला आणि गुरांना चारा टाकायला निघून गेला.

बाप तरी कुठं वेगळा होता! शिंदखेडा तालुक्यात तापीकाठी बोरटेक नावाचं गाव आहे, तिथल्या उपसा सिंचन संस्थेचा पाटकरी म्हणजे हा लोटन आबा. नदीतून पंपानं उचललेलं पाणी कोणाच्या शेतात कधी सोडायचं, हे ठरवणारा माणूस. पाणी वाटणाऱ्याचा हात मऊ असून भागत नाही, असं त्याचं म्हणणं, आणि ते त्यानं आधी घरातच सिद्ध केलं होतं. बायको वच्छलाबाई, थोरली सुलक्षणा, धाकटा प्रेमराज, तिघांनीही त्याचा मार पोटभर खाल्ला. त्या घरात माया हातानंच दाखवली जायची आणि रागही हातानंच, त्यामुळे पोरांना दोन्हींतला फरक फार उशिरा कळला.

पोर हुशार निघाली. धुळ्यात इंजिनिअरिंग केलं, तिथंच देवपुरात खोली घेतली, एका कंपनीत नोकरी धरली. पण तिचा जीव नोकरीत नव्हता, एका लायब्ररीत होता. पुस्तकांच्या नव्हे. बँकेचा व्यवहार असो की मोबाईलवरचा निरोप, वाटेत कोणी वाचू नये म्हणून त्याला कुलूप घातलेलं असतं. अशी कुलपं बनवणारे प्रोग्राम एका जागी जमवून ठेवतात, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. देशोदेशीचे लोक ती फुकटात लिहितात आणि राखतात. सुलक्षणा त्या राखणदारांपैकी एक. कोणी नवा कोड पाठवला की तो तपासायचा आणि त्यात खोट निघाली की पाठवणाऱ्याची सालटी सोलायची, हे काम तिनं मोठ्या आनंदानं अंगावर घेतलं होतं. तिचे शेरे वाचून एकानं म्हणे हा धंदाच सोडला. तिला काही वाईट वाटलं नाही. चुकीचं कुलूप बनवणाऱ्यानं घरी बसावं, असं ती चारचौघांत म्हणायची.

आता बोरटेकच्या पाण्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं रक्त कशासाठी सांडलं ते कळायचं नाही. गावाच्या शिवारातून एक नाला जातो. अलीकडे लोटनची भावकी, पलीकडे मोतीलालची. लोटन आणि मोतीलाल चुलतभाऊ, म्हणजे वैरासाठी बाहेरून माणूस आणायची गरज नाही. गावची जुनी रीत अशी, की पाणी आधी शेपटीला, म्हणजे पाइपलाइनच्या शेवटच्या शेताला सोडायचं आणि मग एकेक शेत करत पंपाकडे यायचं. टोकावरचा माणूस कोरडा राहू नये म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली रीत. मोतीलालची भावकी शेपटीवर. पूर्वी एकदा ही रीत मोडून कोणीतरी चोरून व्हॉल्व्ह फिरवला आणि त्या भांडणात रतिलाल नावाच्या माणसाच्या डोक्यात फावडं बसलं. तो नाल्याच्या काठावर पडला होता, कवटी उघडी पडली होती आणि तिच्यावर माशा घोंगावत होत्या. सुलक्षणानं ते लहानपणी जवळून पाहिलं होतं.

त्या खुनानंतर संस्थेनं बाहेरगावच्या एका कंपनीकडून प्रत्येक व्हॉल्व्हवर लोखंडी पेटी बसवून घेतली. पंपघरातल्या कम्प्युटरवरून बिनतारी हुकूम सुटायचा. तो हुकूम कुलूपबंद असायचा, आणि ज्या पेटीच्या परवलीच्या शब्दानं तो उघडला, तीच पेटी आपला व्हॉल्व्ह फिरवायची. हातानं कोणाला काही करताच येईना. फावडी मातीपुरती उरली. परवलीचे शब्द ज्याचे त्यानं दिले. अलीकडच्यांनी आपापल्या ट्रॅक्टरचे नंबर दिले. पलीकडे मोतीलालची आई कमलबाई हटून बसली, की आमच्या पाण्यावर आमच्या कुळदेवीचं, कानबाईचंच नाव पाहिजे आणि तेही आपल्या मराठी अक्षरांत. म्हातारीपुढे कोणाचं चालतंय? नाल्यापलीकडच्या सगळ्या पेट्यांचा शब्द 'कानबाई माता' आणि पुढे शेताचं नाव, असा ठरला.

यंदा आखाजीनंतर, म्हणजे अक्षय तृतीयेनंतर, पंपघरातला कम्प्युटर जळाला. पेट्या धड होत्या, पण त्यांना हुकूम देणारं कोणी उरलं नाही. कंपनी केव्हाच गुंडाळली गेली होती. बागायती कपाशीची लावण झालेली, कोंब वर आलेले आणि ऊन असं की ढेकळं तव्यासारखी तापलेली. प्रेमराज जळक्या कम्प्युटरची डिस्क पिशवीत घालून धुळ्याला बहिणीकडे आला.

"अक्का, पानी नही उनं ते बठ्ठी कपाशी जळी जाई," तो म्हणाला. "लोके आते फावडा काढी ऱ्हायनात."

सुलक्षणानं डिस्कवरून कंपनीचा प्रोग्राम अर्धामुर्धा वाचून काढला. कुलूप ब्लोफिश नावाच्या जुन्या कुटाचं, म्हणजे निरोप गुप्त करायच्या पद्धतीचं होतं. निरोपाचे आठ-आठ अक्षरांचे घास करायचे आणि परवलीच्या शब्दातून तयार झालेला मसाला घालून प्रत्येक घास सोळा वेळा घुसळायचा, अशी त्याची तऱ्हा. एकेकाळी नावाजलेलं कूट, आता म्हातारं झालेलं. तिच्या लायब्ररीनं ते मागेच काढून टाकलं होतं. जुन्या यंत्रांशी बोलण्यापुरतं ते परत घ्यावं, असं तिनं सहकाऱ्यांना पटवलं आणि लिहायला बसली.

लिहिताना ती आधी खदखदून हसली आणि मग भडकली. परवलीचा शब्द कुटात कालवायचा, नेमक्या त्याच जागी कंपनीच्या कोणा गाढवानं घोळ घालून ठेवला होता. कम्प्युटरला अक्षर म्हणजे आकडा. इंग्रजी अक्षरांचे आणि अंकांचे आकडे लहान असतात. त्याहून मोठा आकडा आला की हा प्रोग्राम त्याला उणे समजायचा, आणि ते उणेपण आधीच्या अक्षरांवर पसरून त्यांना पुसून टाकायचं. दौत कलंडली की लिहिलेली ओळ जाते, तसं. नवशिक्यांची चूक. तिनं ती सरळ केली आणि खाली टीप लिहिली, की मूळ लेखकाला कोणी पुन्हा कळफलकाजवळ बसू देऊ नये.

परदेशातल्या एका सहकाऱ्यानं तिचा कोड तपासताना अगदी सभ्यपणे विचारलं, की जुन्या पेट्यांच्या आतही हीच चूक बसवलेली असली तर? सुलक्षणाला प्रश्न विचारलेला खपायचा नाही, आणि सभ्यपणे विचारलेला तर मुळीच नाही. "चुका जपून ठेवायला हे संग्रहालय नव्हे," असं तिनं उत्तर दिलं. ते वाचून बाकीचे गप्प बसले. या कुटाचे जगभर मान्य असलेले तपासणीचे नमुने असतात, अमुक शब्दानं अमुक निरोप बांधला तर अमुकच निघालं पाहिजे, असे. ते सगळे जुळले. कोड लायब्ररीत गेला.

प्रेमराजनं एकदा भीत भीत सुचवलं, "अक्का, एखादी पेटी खोलीसन लई येऊ का? आठेच लाईसन देखी ले."

"काय गरज? जगनं तपासेल आकडा शेतस, बठ्ठा जुळनात," ती म्हणाली.

चूक झाली ती इथं. पेटी पिशवीत घालून एसटीनं आणता आली असती, पण आपण लिहिलेलं चार चिखलानं माखलेल्या डब्यांनी तपासावं, हे तिच्या अहंकाराला सोसवलं नाही.

प्रेमराज नवा कम्प्युटर आणि तिचा प्रोग्राम घेऊन गावी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लोटननं पंप सुरू केला आणि रीतीप्रमाणे पहिला हुकूम शेपटीला, मोतीलालच्या शेताला सोडला. पेटी हलली नाही. त्यानं पलीकडची दुसरी पाहिली, तिसरी पाहिली, सगळ्या मुक्या. पंप पूर्ण जोरात, सारे व्हॉल्व्ह बंद, आणि पाइप थरथरायला लागला. फुटला असता तर कोणालाच थेंब मिळाला नसता. म्हणून त्यानं अलीकडच्या पेट्यांना हुकूम सोडला, आणि त्या पटापट उघडल्या. लोटनच्या भावकीत पाणी खळाळलं, पलीकडे धूळ उडत राहिली. प्रेमराजनं बहिणीला फोन केला. ती शिंदखेड्यापर्यंत एसटीनं आली, तिथून त्याच्या मोटारसायकलवर बसून दोघं पंपघराशी पोचले, तोवर पलीकडचे सगळे पुरुष तिथं जमलेले होते.

"लोटन, पानी पहिले शेपटीले जास. तुना-मना आजानी घालेल रीत शे," मोतीलाल म्हणत होता. आवाज अजून चढलेला नव्हता. "तू कसाले मोडी?"

"पेट्या उघडत नहीत. पाइप फुटता, म्हनीसन इकडनं उघडं."

"तुमन्या बठ्ठ्या उघडतस, नी आमन्यामा एक बी नही?" मोतीलालनं सुलक्षणाकडे बोट केलं. "हाई तुनी आंडेर, तुनी पोर. धुळामा बशीसन आमनं पानी बांधी टाकं हिनी. नवरानं टाकेल बाई, हिले लोकेसना संसारनी..."

वाक्य पुरं झालंच नाही. लोटनच्या हातात पाइपचे नट आवळायचा लांब लोखंडी पाना होता. तो त्यानं आडवा फिरवला आणि मोतीलालच्या जबड्यावर बसवला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मोतीलाल गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्त आणि दात बाहेर पडले, आणि त्यानं वेड्यासारखे ते दात मातीतून गोळा करायला सुरुवात केली. सुलक्षणाला त्या क्षणी बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं. तिच्यासाठी बापानं आजवर असं काहीच केलेलं नव्हतं.

मग पलीकडची भावकी तुटून पडली. काठ्या, फावड्यांचे दांडे, हाताला लागेल ते. प्रेमराजला चौघांनी खाली पाडून त्याच्या मानेवर गुडघा ठेवला. मोतीलालचा पोरगा स्वप्नील बापाकडे पाहून एकदा ओरडला, माणसासारखा नव्हेच, आणि त्यानं लोटनच्या हातातून तोच पाना उपसून घेतला. दोघांनी लोटनचे हात धरून व्हॉल्व्हच्या हौदाच्या सिमेंटच्या कडेवर दाबले. "ह्याच हातनी पानी बांधं ना?" स्वप्नील म्हणाला आणि त्यानं पाना खाली आणला. आधी उजव्यावर, मग डाव्यावर, मग परत उजव्यावर. लोटन ओरडला नाही. प्रेमराज ओरडत होता, त्याचं तोंड धरून त्याला ते पाहायला लावलं होतं.

सुलक्षणानं वीट उचलून स्वप्नीलच्या कपाळात घातली. तो रक्तानं आंधळा झाला. कोणीतरी तिला केसांना धरून मागं ओढलं, तिनं त्याच्या पायावर टाच आपटली, मग तिच्या पोटात लाथ बसली आणि ती बापाशेजारी पडली. लोटनची बोटं नको त्या दिशांना वळलेली होती. ती तिच्या तोंडापासून हातभरावर होती आणि तिला दुसरीकडे बघताच येईना.

धुळ्याच्या दवाखान्यात लोटन आणि मोतीलाल एकाच वॉर्डात, समोरासमोरच्या खाटांवर आले. एकाचे दोन्ही हात कोपरापासून प्लास्टरमध्ये, दुसऱ्याचा जबडा तारांनी शिवलेला. जबाब घ्यायला पोलीस आले. लोटन म्हणाला, "पडनू." मोतीलालला बोलता येत नव्हतं, त्यानं हातानं खूण केली, की मीही पडलो. पोलिसांना हसावं की रडावं कळेना. पण आमच्याकडच्या माणसाला हा जबाब बरोबर कळतो. त्याचा अर्थ, हिशोब घरी होईल, सरकारनं मध्ये पडू नये.

हिशोब करायला प्रेमराज उठलाच होता.

"आबाना हात मोडात त्यासनी," तो वॉर्डाच्या दारात बहिणीला म्हणाला. "स्वप्नीलले मी जित्ता सोडसू का?" त्याच्या मानेवर गुडघ्याचा वळ अजून काळानिळा होता. सुलक्षणानं त्याला अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते योग्यच वाटलं. आबांपाशी थांबायचं नसतं तर तीही गेली असती. तो निघून गेला आणि थोड्याच वेळात त्याचा फोन बंद झाला.

वच्छलाबाईला मात्र नवऱ्याचे हात मोडल्याचं दुःख आणि पोरगा फासावर जायची भीती, अशी दोन्ही एकदम झेलवेना. तिनं सुलक्षणाचा दंड धरला. "पोरी, तू काई बी कर, पन तुना भाऊले थांबाड." मग ती खाटेच्या पायथ्याशी बसली आणि पदर पसरून पुटपुटायला लागली, "कानबाई माता, मना पोऱ्याले सांभाळ. कानबाई माता..."

सुलक्षणा ऐकत होती. आणि ऐकता ऐकता तिला ते एकदम उमगलं. नाल्यापलीकडच्या सगळ्या पेट्यांवर हेच नाव. मराठी अक्षरांत. मराठी अक्षर कम्प्युटरमध्ये तीन आकड्यांचं बनतं, आणि ते तिन्ही मोठे आकडे. तेच मोठे आकडे, ज्यांना तो जुना प्रोग्राम उणे समजून शाई सांडायचा. पेट्यांच्या आत अजूनही तोच गाढव बसला होता. पंपघर आणि पेटी दोघं मिळून इतकी वर्षं एकच चूक करत आले होते, म्हणून तर दोघांचं जमत होतं. ट्रॅक्टरच्या नंबरांत मोठा आकडा नव्हताच, म्हणून अलीकडच्या पेट्यांना काही फरक पडला नाही. तिनं आपली बाजू सरळ केली आणि बोरटेकच्या अर्ध्या शिवाराचं पाणी बांधलं.

मोतीलाल खोटं बोललाच नव्हता. धुळ्यात बसून पाणी तिनंच बांधलं होतं. तो समोरच्या खाटेवर तारांच्या जबड्यानं घोरत होता, आणि तिला त्याच्याकडे मान वर करून पाहवेना. त्या परदेशी माणसानं विचारलं होतं. प्रेमराजनं विचारलं होतं. तिनं दोघांनाही झोडपून गप्प केलं होतं.

तिनं वॉर्डाबाहेरच्या बाकावर लॅपटॉप उघडला आणि स्वतःच्या हातानं ती चूक परत लिहिली. फार नव्हतं, एका ओळीचं काम. पण विषाचा घोट घ्यावा तशी तिनं ती ओळ घेतली. बरोबर लिहिलेलं मोडून मुद्दाम चूक लिहायची, आणि माणूस जगवायचा तर हीच चूक बरोबर आहे, असं म्हणायचं! मग ती गावाकडच्या जीपमध्ये बसली. सोनगीरच्या फाट्यावर जीप वळेपर्यंत तिनं भावाला किती फोन लावले त्याची गणतीच नाही. बंद. बंद. प्रेमराजनं स्वप्नीलला गाठायच्या आत पाणी सोडायचं आणि खरं सांगायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. खरं सांगितल्यावर आपलं आणि आबांचं काय होईल, हा विचार तिनं दाबून टाकला.

पंपघर उघडंच पडलं होतं. हौदाच्या कडेवरचे डाग वाळून काळे झाले होते. तिनं नवा प्रोग्राम चढवला, पंप चालू केला आणि शेपटीला हुकूम सोडला. क्षणभर काही झालं नाही. मग पाइपचा आवाज बदलला, पाणी पुढे धावलं. ती नाल्याकडे पळाली. पलीकडे मोतीलालच्या शेतात तोटीतून पाणी फुटत होतं, आणि कपाळाला पट्टी बांधलेला स्वप्नील फावडं टाकून त्या पाण्याकडे बघत उभा होता, लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून. बांधावर बसलेली कमलबाई उठून उभी राहिली होती.

त्याच वेळी नाल्यातल्या बाभळींमध्ये दबा धरून बसलेला प्रेमराज वर चढला. हातात कुऱ्हाड. स्वप्नीलची पाठ त्याच्याकडे होती आणि पाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू येणार नव्हतं.

"प्रेमराज!" ती किंचाळली आणि नाला ओलांडून मधे जाऊन उभी राहिली. "त्यासनी काई नही कयं. पानी मी बांधं. मनाच प्रोग्राममा खोट व्हती. आबा खोटा पडनात, मोतीलाल नाना खरा व्हतात. मन्हामुये झायं हाई बठ्ठं!"

प्रेमराजला आधी कळलंच नाही. मग कळलं. ज्या रागानं तो एवढ्या लांब आला होता, त्याला जायला जागाच उरली नाही. "तुन्हामुये?" तो म्हणाला. "आबाना हात तुन्हामुये?" आणि त्यानं कुऱ्हाड उलटी धरून तिचा दांडा बहिणीच्या खांद्यावर घातला. मग बरगडीत. मग ती वाकली तसा पाठीवर. लहानपणापासून या भावानं एक मारली की तिनं दोन परत केल्या होत्या. आज तिनं हात वर केलाच नाही. मार खाताना ती एकच गोष्ट करत राहिली, त्याच्या आणि स्वप्नीलच्या मधून हलली नाही.

कमलबाई धावत येऊन तिच्या अंगावर आडवी पडली. "अरे, तुनी बहीन शे ती! मरी जाई ना!" म्हातारीच्या पाठीवर पडता पडता दांडा थांबला, कारण स्वप्नीलनं मागून तो धरला होता. त्यानं कुऱ्हाड हिसकावली. आता ती त्याच्या हातात होती आणि प्रेमराज रिकामा होता.  स्वप्नीलनं आपल्या शेतात पसरणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, चिखलात पडलेल्या सुलक्षणाकडे पाहिलं, आणि कुऱ्हाड लांब फेकून दिली. "लई जा हिले दवाखानामा," तो प्रेमराजला म्हणाला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या शिवाराला कळलं. लोटननं निरपराध भावाचा जबडा मोडला, तोही पोरीच्या चुकीसाठी, आणि पोरीनं ते स्वतः कबूल केलं. बोरटेकमध्ये पाटकरी चोर निघाला तरी एकवेळ चालतं, खोटा निघालेला चालत नाही. संस्थेनं नवा पाटकरी नेमला. लायब्ररीत सुलक्षणानं चुकीचं कूट वेगळ्या नावानं ठेवलं, आपली जुनी टीप काढली, आणि त्या परदेशी सहकाऱ्याला लिहिलं की तुमचा प्रश्न बरोबर होता. त्याचं साधंसं उत्तर आलं, तिनं ते धड वाचलंही नाही.

बरगड्यांना पट्टा बांधून ती बापाच्या खाटेशी बसायची. आबांना जेवण भरवावं लागे. वच्छलाबाईच्या हातानं ते खायचे. तिचा हात आला की तोंड भिंतीकडे. हे बरेच दिवस चाललं. एका दुपारी माय औषधं आणायला खाली गेली होती, आणि सुलक्षणानं खिचडी कालवून घास पुढे केला.

"गावमा तू माले खोटं पाडं," लोटन भिंतीकडे बघत म्हणाला. "मी तुन्हासाठे मारं व्हतं त्याले."

"माले माहीत शे, आबा."

"गप्प ऱ्हाती ते काय व्हतं?"

"प्रेमराज फासावर जाता."

 लोटननं तोंड वळवलं आणि उघडलं. तिनं घास आत ठेवला, आणि त्यानं तिची दोन बोटं दातांत धरून चावली. मारायला हात उरले नव्हते, तर जे उरलं होतं त्यानं. सगळा जोर लावून चावली. कातडी फाटली, खिचडीत रक्त उतरलं, समोरच्या खाटेवर मोतीलाल उठून बसला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं बोटं ओढून घेतली नाहीत. दुसरा हात बापाच्या डोक्यावर ठेवून ती तशीच बसून राहिली, त्याचे दात हळूहळू सैल होईपर्यंत, आणि तो तिच्या तळहातात तोंड खुपसून रडायला लागेपर्यंत.